मैदान साफ

मी भाऊसाहेबांच्या तोंडावर बसलो होतो.

भाऊसाहेब फ्लेक्सवर छापलेले होते, दहा फूट बाय सहा फूट, त्यामुळं त्यांना त्रास नव्हता. फ्लेक्सची चौपदरी घडी, चारही कोपऱ्यांवर दगड आणि मधोमध मी. तरी वारा आला की खालून फडफड व्हायची, भाऊसाहेब भाषणाला उठतायत अशी.

"आरं धुमाळा," स्ट्रेचरवरनं येसूमामा म्हणाले, "साहेबास्नी श्वास तरी घिऊ दे."

"श्वास घेतला तर उडतील, मामा."

ते हसले आणि हसता हसता दात आवळून गप्प झाले. डाव्या मांडीचं हाड मोडलं होतं. हसलं तरी हलायचं.

बहिरगडाच्या माथ्यावर, एप्रिलच्या उन्हात, दुपारी साडेबारा वाजता आम्ही हेलिकॉप्टरची वाट बघत होतो. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि डोंगरात पडलेल्या माणसांना खाली आणणाऱ्या एका गटात तीन वर्षं होतो. काम फुकट, नाव मोठं, आणि बोधवाक्य एकच: जो पडला तो आपला. त्या दिवशी जो पडला तो खरोखरच आपला होता. येसू ढेबे. गडाच्या निम्म्यात त्यांचा धनगरवाडा. इथली एकेक वाट आम्हाला त्यांनी दाखवलेली. सकाळी साडेसातला आमच्या सरावासाठी दोर लावताना त्यांच्या पायाखालचा दगड निसटला आणि ते वीस फूट खाली आले.

सरावात जखमी होण्याचं काम खरं तर माझं होतं. मी कपाळाला आणि शर्टाला टोमॅटो सॉस लावून एका झुडपाखाली विव्हळत पडलो होतो. सगळे माझ्या अंगावरून उड्या मारून पलीकडं पळाले, तेव्हा मला वाटलं, यांना सराव कळलेलाच नाही.

सगळ्यात पुढं मुकुंददादा होता. मुकुंद खोपडे, गटाचा प्रमुख. तो मला निन्या म्हणायचा; पहिली गाठ त्यानंच शिकवली. माझे वडील गेले त्या वर्षी महिनाभर तो रोज संध्याकाळी आमच्या घरी यायचा, आईशी दोन वाक्यं बोलायचा आणि मला दोर देऊन खिडकीच्या गजाला गाठी मारायला लावायचा. तो 'बांध' म्हणाला की मी बांधायचो. गाठ बरोबर आहे का हे मी दोनदा तपासायचो, पण दादा बरोबर आहे का हे तपासावं असं कधी मनात आलं नव्हतं.

मामांची मांडी डोळ्यांदेखत फुगत चालली होती. आत रक्त साठतंय हे कळायला डॉक्टर लागत नाही. गाडीरस्ता खाली होता, मधे दोन कडे. स्ट्रेचर दोरावरून उतरवत न्यायला सात तास.

"आत्ता उचललं तर तीनपर्यंत खाली," मी म्हणालो.

"थांब," दादा म्हणाला आणि त्यानं भाऊसाहेबांना फोन लावला.

भाऊसाहेब त्या वर्षी निवडणुकीला उभे होते आणि प्रचारासाठी त्यांनी हेलिकॉप्टर भाड्यानं घेतलं होतं. दोन गावांत चार किलोमीटरचं अंतर असलं तरी ते उडून जायचे. दोनदा तर त्यांचे कार्यकर्ते मोटारसायकलवरून त्यांच्या आधी पोचले होते.

फोन ठेवून दादा म्हणाला, "देतायत. वीस मिनिटांत इथं, अजून वीस मिनिटांत दवाखाना. कशाला मामांचे सात तास हाल करायचे?"

हिशेब सरळ होता. मामाही म्हणाले, "इमान व्हय? बसूया की. पाय मोडल्याबिगर कोन बसवतंय आमाला."

पायलटशी बोलायचं काम दादानं माझ्यावर सोपवलं. कॅप्टन वर्गीस. आवाज शांत, हिंदी बेतास बात, पण एकेक शब्द खिळा ठोकल्यासारखा.

"जमीन पे कुछ भी खुला नहीं चाहिए," ते म्हणाले. "टोपी, कपडा, प्लास्टिक, कुछ भी. मेरे पंखे की हवा से वो उपर आता है. पीछे का छोटा पंखा गया, तो मैं लट्टू हूँ. समझा?"

"समझा."

"वापस बोलो."

मी परत म्हणून दाखवलं. लट्टूसकट.

"और एक ही आदमी मुझे क्लिअर बोलेगा. तुम. तुम नहीं बोला, तो मैं नहीं उतरेगा."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या शब्दावर काहीतरी उतरवणार होतं. मी माथ्यावरचा सपाट कातळ पायाखाली घातला. वेफर्सच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, कुणाचा तरी वाळत घातलेला बनियन, सगळं गोळा करून एका सॅकमध्ये कोंबलं. सगळ्यांच्या टोप्या काढून घेतल्या. मामांच्या अंगावरची चंदेरी चादर पट्ट्यांखाली खोचली. डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून त्यांच्या डोळ्यांवर ओलं फडकं बांधायला तयार ठेवलं.

नऊ वाजले. दहा. अकरा. वीस मिनिटांचं हेलिकॉप्टर आलं नाही. मामांचं बोलणं कमी झालं, पाणी मागणं वाढलं.

"दादा, चालत निघू या का?"

"आता निघालो आणि ते आलं, तर? कड्यावर लटकलेले असू. थांब."

बारा वाजता फ्लेक्स आला.

भाऊसाहेबांचे दोन कार्यकर्ते तो पाच तासांची चढण चढून आल्यासारख्या तोंडानं घेऊन आले. खरं तर ते धनगरवाड्यापर्यंत जीपनं आले होते, पलीकडच्या नव्या कच्च्या रस्त्यानं, आणि वरचा दीड तास शिडीच्या वाटेनं चढले होते. त्या शिडीवरून माणूस चढतो, स्ट्रेचर उतरत नाही. फ्लेक्सवर मजकूर होता: 'भाऊसाहेबांच्या तत्परतेने धनगर बांधवास जीवदान.' खाली भाऊसाहेब हसत होते आणि मागं बर्फाच्छादित शिखरं.

मी मामांना वाचून दाखवलं, चित्राचं वर्णन केलं.

"बरफ कुटला रं ह्यो?"

"तुमच्या जीवदानाचा फोटो अजून निघायचाय ना, मामा. म्हणून सध्या हाताला लागला तो टाकलाय."

दादा काठ्या शोधत होता. "निन्या, त्या टोकाला उभा करू. लांब."

"दादा, कॅप्टन काय म्हणाले?"

"घट्ट बांधू रे. तू बांध. तुझी गाठ सुटत नाही."

"गाठ नाही सुटणार. फ्लेक्स फाटेल आणि गाठ तिथंच राहील."

थोरला कार्यकर्ता म्हणाला, "हेलिकॉप्टर कुणाचंय?"

"पंखा कुणाचा असला तरी सारखाच फिरतो," मी म्हणालो.

दादानं काठ्या खाली टाकल्या. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बरोबर आहे तुझं. काढ तो."

मी काढला, घडी घातली, दगड ठेवले आणि बसलो. तीन वर्षांत दादानं पहिल्यांदा माझं ऐकलं होतं. मी भाऊसाहेबांच्या तोंडावर फार ताठ बसलो होतो.

एकच्या सुमाराला खालच्या खोऱ्यातून घरघर आली. मी मामांच्या डोळ्यांवर फडकं बांधलं.

"निन्या, बुरुजाकडं पळ," दादा म्हणाला. "गवत पेटवून धूर कर, वारा कुठला आहे ते कळू दे त्यांना. तिथनंच बोल, तिथं रेंज चांगली आहे. इथलं मी बघतो."

"फ्लेक्स?"

"मी बसतो ना."

जाताना वळून बघितलं, तर दादा खरंच बसला होता, मांडी घालून.

बुरूज दोनशे पावलांवर, आणि मधे कातळाचा उंचवटा. तिथून मैदान दिसत नाही. मी धूर केला. हेलिकॉप्टर खोऱ्यातून वर आलं, गडाला एक फेरी मारली. माझ्या एका हातात वॉकीटॉकी दादासाठी, दुसऱ्या हातात फोन कॅप्टनसाठी.

"ग्राउंड?" कॅप्टननी विचारलं.

मी वॉकीटॉकीवर म्हणालो, "दादा, मैदान साफ?"

"साफ."

"नक्की?"

"अरे, सांगितलं ना साफ."

मी फोनमध्ये म्हणालो, "क्लिअर, सर."

हेलिकॉप्टर उंचवट्याआड खाली गेलं. आणि भाऊसाहेब वर आले.

संपूर्ण उघडलेले, निळ्या आभाळावर, हसत. क्षणभर ते उभेच राहिले, सभेला राहावेत तसे. मग आडवे झाले, गिरकी घेतली आणि शेपटीकडं गेले. कडबाकुट्टीत गोणपाट गेलं तर होईल, तसा आवाज झाला. उंचवट्यावर मला हेलिकॉप्टरचं नाक दिसलं, मग शेपूट, मग परत नाक. मग काहीच नाही. मग धप्प.

मी पळत गेलो. हेलिकॉप्टर एका बाजूला कलून बसलं होतं, खालचा एक दांडा वाकलेला. मोठा पंखा अजून सुस्तपणे फिरत होता. दीड पुरुष उंचीवरून पडलं म्हणून कुणी मेलं नाही. मामांचं स्ट्रेचर चाळीस पावलांवर होतं, सुखरूप. दोन्ही कार्यकर्ते तळहात बघत बसले होते, दोरीनं सोलवटलेले. दादा उभा होता.

"उघडला रे त्यांनी," तो माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला. "मी नको नको म्हणत होतो. दोघांपुढं एकटा काय करणार?"

कॅप्टन उतरले. ओठ फुटला होता. हातात फ्लेक्सचा एक तुकडा, त्यावर भाऊसाहेबांचा कान.

"किसने बोला क्लिअर?"

मी हात वर केला. शाळेत करतात तसा.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, शर्टावरच्या वाळलेल्या सॉसकडं बघितलं. "सुबह नौ बजे से मैं तैयार बैठा था. बोला, रुको, उपर तैयारी चल रही है." त्यांनी तो कान माझ्या हातात दिला. "ये तैयारी?"

कुणी सांगितलं 'रुको', हे मी विचारलं नाही. मला वाटलं, भाऊसाहेबांच्या माणसांनी.

मग आम्ही मामांना उचललं. सात तासांचे नऊ झाले. दुसऱ्या कड्यानंतर ते बोलायचे थांबले. चौथ्या दिवशी त्यांचा पाय मांडीतून काढला.

त्या दिवशी दवाखान्याच्या मागच्या जिन्यात दादानं मला चहा दिला आणि एक कागद दिला.

"चौकशी लागलीय. हे वाच."

एकच ओळ होती. 'मैदान साफ असल्याचा इशारा पायलटला मी दिला.' खाली माझं नाव.

"खरंय ना?" दादा म्हणाला.

"खरं आहे. पण..."

"निन्या, ऐक. प्रमुखावर आलं तर गटाची परवानगी जाईल. गट गेला तर उद्या पडणाऱ्याला कोण आणणार? तू पोरगा आहेस. चूक झाली म्हणशील, दोन महिने घरी बसशील, मी परत घेतो तुला. आणि कार्यकर्त्यांची नावं घेऊन उपयोग काय? भाऊसाहेब आपल्याला जगू देतील?"

"मामांना काय सांगायचं?"

"त्यांना मी सांगतो सगळं खरं. त्यांची काळजी करू नको."

तेवढंच मला हवं होतं. बाकीच्यांनी काय वाटायचं ते वाटून घ्यावं, पण मामांना खरं कळलं पाहिजे होतं. ज्या माणसानं मला पाय कुठं ठेवायचा हे शिकवलं, त्याचा पाय माझ्यामुळं गेला असं त्यानं समजू नये, एवढंच. मी सही केली. दादानं पेन परत घेतलं आणि माझे केस विस्कटले.

पुढच्या रविवारी गटाच्या बैठकीत त्यानं तो कागद सगळ्यांपुढं वाचला. वाचताना त्याचा आवाज दोनदा भरून आला. मग म्हणाला, मला मुलासारखा होता, पण डोंगरात माफी नसते. आणि मला काढून टाकलं. मी मनात म्हणालो, काय काम करतोय दादा, झुडपाखाली याला झोपवायला पाहिजे होतं. बाहेर पडताना तो डोळा मारेल म्हणून मी दोनदा वळून बघितलं.

दोन महिने झाले. फोन केला, तर म्हणाला, वातावरण निवळू दे. सहा महिने झाले. मग तो फोन उचलेनासा झाला. मामांना भेटायला दोनदा दवाखान्यात गेलो. दोन्ही वेळा दारात गटाचं कुणीतरी बसलेलं. "त्यांना त्रास होतो तुला बघून," म्हणाले. नंतर मी नोकरीसाठी शहर सोडलं. इमारतींच्या लिफ्ट तपासायचं काम. लोकांना सुरक्षित वर-खाली नेण्याचंच, पण भिंतींच्या आत.

अकरा वर्षांनी कंपनीनं आम्हा वीस जणांना दोन दिवसांच्या सुरक्षा शिबिराला पाठवलं. पत्ता वाचला तेव्हा कळलं, शिबिर आमच्या गटाचं आहे. आता त्यांची स्वतःची इमारत होती. दादा आजारी असल्यानं येणार नाही असं दारातच कळलं. वर्गात शिकवायला कुबडीवर मामा आले. अंगात गटाचा निळा टी-शर्ट, केस सगळे पांढरे. मी शेवटच्या रांगेत होतो. दाढी वाढवली होती. त्यांनी ओळखलं असं वाटलं नाही.

"हेलिकॅप्टर याच्या आधी काय करायचं?" मामांनी विचारलं. मग फळ्याकडं कुबडी केली. "आधी धुमाळ बघायचा."

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, धुमाळ म्हणजे?"

"धुमाळ म्हंजी जे जे सुटं हाय ते. टोपी, वडनी, पिशवी, फ्लेक्स. मैदानात येक बी धुमाळ ऱ्हायला न्हाई पायजे. पूर्वी आमच्यात येक जन हुता त्या नावाचा. त्यानं न बघताच साफ सांगितलं." त्यांनी रिकाम्या पँटच्या घडीवर हात ठेवला. "तवापास्नं सुटं काय दिसलं की आमी त्याला धुमाळच म्हंतो."

सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मीही लिहिलं. शेजारच्यानं माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव बघितलं, मग वहीकडं बघितलं आणि त्या शब्दाखाली रेघ मारली.

चहाच्या सुट्टीत मामा मागच्या ओट्यावर एकटे बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो.

"वळखलं म्या तुला," ते समोर बघत म्हणाले. "बसल्या बसल्याच वळखलं."

"मामा, दादानं तुम्हाला त्या दिवसाचं काय सांगितलं?"

"काय सांगायचं? डोळं बांधलं हुतं माजं, कान न्हाई." त्यांनी कुबडी आडवी ठेवली. "तू बुरुजाकडं ग्येलास, आन् दादा उठला. म्हनला, उघडा. कार्यकर्ता म्हनला, ते पोरगं नको म्हंत हुतं की. दादा म्हनला, त्याला काय कळतंय, फोटू निघाला पायजे, धरा घट्ट. सकाळी फोनवर बी त्योच म्हनलेला, फ्लेक्स वर आल्याबिगर सोडू नका हेलिकॅप्टर. माज्या उशाशीच उभा हुता."

चहाचा कप माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला.

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं."

"व्हय."

"आणि आत्ता आत..."

"पाय काढला त्या रातीच दादा आला. रडला. म्हनला, मामा, गट तुमच्यामागं हाय जलमभर. नोकरी दितो, पोरींची लग्नं करून दितो. समदं केलं त्यानं, खोटं कशाला बोलू. येका पायाचा धनगर बकऱ्यांमागं काय फिरनार, सांग तू."

"आणि मी, मामा?"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं.

"तुजं बी निघालं हुतं त्या वक्ताला. दादा म्हनला, त्यो काय, समद्याची गंमत करतो, ह्याची बी करंल. मला बी पटलं. म्हनलं, धुमाळ हाय, हसून घिईल."

आतून कुणीतरी हाक मारली, सर, सुरू करायचं का. मामांनी कुबडी चाचपली, पण उठले नाहीत.

"लई वर्सं झाली," ते म्हणाले. "दादा बी आता किती दिस हाय कुनास ठाव. तू म्हनत आसशील तर आत जाऊन सांगतो पोरास्नी. खरं काय ते. सांगू?"

"सांगा," मी म्हणालो.

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी काहीच केलं नाही. भुवई हलवली नाही, ओठ हलवला नाही. हळूहळू त्यांचा चेहरा सैल पडला, गालांवर सुरकुत्या चढल्या आणि ते हसायला लागले, खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"आजून तसाच हाइस बग," ते म्हणाले. माझ्या गुडघ्यावर थाप मारली, कुबडी काखेत घेतली आणि धुमाळचा राहिलेला भाग शिकवायला आत गेले.